झाडावर चढणाऱ्याचा दोर कोण तपासतो?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

वादळवाऱ्याचे दिवस जवळ आले की धोकादायक फांद्या उतरवण्याविषयी वृत्तपत्रांतून पुष्कळ लिहिले जाते. कोणती फांदी केव्हा छाटावी, छाटणी किती असावी, परवानगी कोणाची घ्यावी, यांवर वाचकांचे वादही रंगतात. ज्या दोराच्या भरवशावर माणूस त्या फांदीपर्यंत पोहोचतो, त्या दोराचा उल्लेख मात्र या चर्चेत सहसा होत नाही. झालाच तर अपघाताच्या बातमीत, ‘दोर तुटल्याने’ एवढ्याच शब्दांत. चढाईसाठी बनवलेला, चांगल्या स्थितीतला दोर निव्वळ माणसाच्या वजनाने तुटत नाही. तो तुटतो तेव्हा त्याआधी कधीतरी तो करवतीने कापला गेलेला असतो, घर्षणाने भाजलेला असतो, आम्लाने खाल्लेला असतो किंवा ज्या कामासाठी तो नव्हताच त्या कामाला जुंपलेला असतो. यांतील बहुतेक गोष्टी तपासणीत सापडू शकतात. म्हणून झाडावर चढणाऱ्याच्या प्रत्येक दोराची लेखी नोंद असावी, ठरावीक काळाने दुसऱ्या जाणत्या माणसाकडून त्याची तपासणी व्हावी आणि काम देणाऱ्याने ती नोंद काम सुरू होण्यापूर्वी मागावी, असे माझे म्हणणे आहे.

प्रथम ताकदीचा हिशेब पाहू. ईएन १८९१ या युरोपीय मानकानुसार ‘ए’ प्रकारच्या, भार पडल्यावर कमी लांबणाऱ्या दोराने किमान २२ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे सव्वादोन टनांच्या वजनाइतका भार सोसला पाहिजे. अमेरिकेतील झाडकामाच्या झेड १३३ या सुरक्षा मानकाची अपेक्षा सुमारे २४ किलोन्यूटनांची आहे. अवजारांसह शंभर किलो वजनाचा माणूस दोरावर स्थिर बसला असेल तर त्याचा भार जेमतेम एक किलोन्यूटन भरतो. मग वीस-बावीसपट ताकद कशाला, हा प्रश्न पैसे मोजणाऱ्याला पडतो आणि तो गैर नाही. त्याचे उत्तर असे, की कारखान्यात मोजलेली ताकद ही नव्या, कोरड्या, सरळ ताणलेल्या दोराची असते आणि झाडावरचा दोर नवा, कोरडा किंवा सरळ फार काळ राहत नाही. गाठ मारली की वळणाच्या बाहेरच्या अंगाचे तंतू ताणले जातात, आतल्या अंगाचे सैल पडतात आणि सगळा भार थोड्या तंतूंवर येतो. बोलाइनसारख्या नेहमीच्या गाठीत दोराची साधारण एक तृतीयांश ताकद जाते. हीच गोष्ट अरुंद कडीवरून दोर वाकवल्याने होते, म्हणून वळणाचा व्यास दोराच्या व्यासाच्या निदान चौपट आणि कप्पीचा त्याहून बराच मोठा असावा, असा संकेत आहे. नायलॉन भिजले की त्याची दहा ते पंधरा टक्के ताकद कमी होते. वापराची झीज याखेरीज, आणि दोर सैल असताना पाय घसरला तर बसणारा हिसका याखेरीज. माणसाचा जीव ज्यावर तोलला जातो त्या साधनाला दहापट राखीव ताकद ठेवण्याची रीत पडली ती या सगळ्या वजाबाकीमुळे. त्या राखीव ताकदीला कोणी ‘जास्तीची’ समजून खर्च करू लागला, तर त्याला हिशेबच कळलेला नाही.

दोराचा दुसरा शत्रू उष्णता, आणि तो अधिक कपटी आहे. झाडावर चढणारा आपल्या दोरावर एका बारीक दोरीचे वेढे घालून अशी गाठ बांधतो, की जी भार पडला की आवळते आणि हाताने खाली दाबली की सरकते. ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी १९३१ साली अशी एक गाठ प्रसिद्ध केली आणि ती त्यांच्या नावाने जगभर गेली. झाडकामात आज ब्लेक, डिस्टेल आणि व्हाल्डोटेन या गाठी अधिक वापरल्या जातात. त्या सगळ्या घर्षणावर चालतात आणि घर्षणाची सारी उष्णता हाताएवढ्या जागेत निर्माण होते. कोणी उंचावरून एका दमात सर्रकन खाली आला, तर खालून पाहणाऱ्याला ते कसब वाटते. पण पॉलिएस्टर सुमारे २५५ अंश सेल्सिअसला आणि नायलॉन जातीप्रमाणे २२० ते २६० अंशांच्या दरम्यान वितळते, आणि त्याच्या बरेच आधी तंतू मऊ पडू लागतात. अशा उतरणीनंतर दोरावर काचेसारखी चकाकणारी, बोटाला कडक लागणारी पट्टी दिसली, तर तेथील तंतू वितळून पुन्हा गोठले आहेत असे समजावे. डायनिमासारखे अतिबळकट धागे पोलादाशी स्पर्धा करतात खरे, पण ते १४५-१५० अंशांच्या आसपासच वितळतात आणि शिवाय गुळगुळीत असतात, म्हणून घर्षणगाठीला ते कामाचे नाहीत. ॲरामिड धागा वितळत नाही. म्हणून गाठीच्या दोरीच्या आवरणात तो घालतात. मात्र सूर्यप्रकाश आणि पुन्हा पुन्हा वाकणे त्याला मानवत नाही, त्यामुळे ही दोरी मुख्य दोराच्या कितीतरी आधी बदलावी लागते. पॉलिप्रॉपिलीनचा स्वस्त, चकचकीत दोर चढाईला वापरूच नये. तो १६५ अंशांच्या सुमारास वितळतो, उन्हात लवकर ठिसूळ होतो आणि ताणल्यावर त्याचा भरवसा देता येत नाही. गुरे बांधायला, ताडपत्री आवळायला तो उत्तम आहे.

आता सांध्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण या विषयात अज्ञान आणि अतिआत्मविश्वास दोन्ही भरपूर आढळतात. दोराच्या टोकाला कायमचा फासा हवा असेल, तर गाठ मारण्याऐवजी दोराचे टोक त्याच्याच अंगात विणून घेतात. त्याला कामगार ‘स्प्लाइस’ म्हणतात. नीट केलेला स्प्लाइस दोराची नव्वद टक्के किंवा त्याहून अधिक ताकद राखतो, त्याला गाठीसारखा गोळा नसतो आणि तो कडीतून, फांदीच्या बेचक्यातून अडकल्याशिवाय जातो. तीन पेडांच्या पिळाच्या दोरात तो करणे सगळ्यांत सोपे आहे: पेड उकलायचे, फासा धरायचा आणि प्रत्येक पेड पिळाच्या उलट दिशेने एकाआड एक पेडाखालून ओवायचा. काथ्या, मनिला यांसारख्या नैसर्गिक तंतूंच्या दोराला तीन पुऱ्या ओवण्या पुरत असत. नायलॉन-पॉलिएस्टर निसरडे असल्याने त्यांना निदान चार हव्यात आणि जाणते कारागीर पाचवी घालून पुढे पेड निमुळते करत नेतात. जुन्या माणसांचा हात काथ्यावर बसलेला असतो, त्यामुळे कृत्रिम धाग्याच्या दोरालाही तीनच ओवण्या घालून काम संपवलेले आढळते. दिसायला ते नेटके असते आणि धोका तेथेच आहे.

विणलेल्या दोरांची गोष्ट निराळी. त्यांत सोळा पेडांच्या दोराचे वरचे आवरणच भार घेते आणि आतला गाभा दोर गोल ठेवण्यापुरता असतो. दुहेरी विणीच्या दोरात आवरण आणि गाभा दोघेही भार वाटून घेतात. कर्नमँटल प्रकारात मुख्य ताकद गाभ्यात असते आणि आवरण त्याचे रक्षण करते. यांना एकच पद्धत लावता येत नाही. सोळा पेडांच्या दोरात टोकाकडचा गाभा काढून टाकून आवरणाचे टोक आवरणाच्याच पोटात पुरतात. दुहेरी विणीत गाभा बाहेर ओढून आवरणाचे टोक गाभ्यात आणि गाभ्याचे टोक आवरणात पुरावे लागते, आणि मग आवरण हाताने दाबत दाबत पुढे सरकवून सांधा झाकावा लागतो. कर्नमँटल दोरांच्या टोकाला बहुधा कारखान्यात यंत्राने शिवलेला फासाच घ्यावा. विणलेल्या दोराचा सांधा धरतो कशाने, हे समजले की अर्धे नियम पाठ करावे लागत नाहीत: जाळीची पिशवी ओढली की ती जशी लांबते आणि बारीक होते, तसे भार पडताच बाहेरची वीण आवळते आणि आत पुरलेल्या टोकाला घट्ट धरते. म्हणजे पकड भारातून येते. भार गेला, दोर पिशवीत कोंबला, झाडावर घासला, पुन्हा ताणला, असे होत राहिले की बिनभाराच्या वेळी पुरलेले टोक किंचित किंचित सरकू शकते. सांध्याच्या गळ्याशी आरपार टाके घालतात ते याचसाठी. त्यांना शोभेचे समजून कोणी वगळले, तर सांधा पहिल्या दिवशी पुष्कळ माणसे उचलील आणि पुढे एखाद्या साध्या कामाच्या वेळी दगा देईल.

पुरायची लांबीही अंदाजाने ठरवायची नसते. फिड नावाच्या ज्या पोकळ सुईने हे काम होते, तिची पूर्ण लांबी दोराच्या व्यासाच्या २१ पट धरून सगळी मापे तिच्यात मोजतात. निसरड्या डायनिमाच्या पोकळ विणीत पुरलेले टोक व्यासाच्या ७२ पट असावे असे सांगतात. बारा मिलिमीटरच्या दोराला हे माप ८६ सेंटिमीटरपेक्षा अधिक भरते, आणि प्रथम ऐकणाऱ्याचा त्यावर विश्वास बसत नाही. पुरलेले टोक निमुळते करणेही तितकेच आवश्यक असते, कारण ते एकदम तुटक संपले तर जाड भाग संपून बारीक भाग सुरू होतो त्या रेषेवर ताण एकवटतो आणि दोर तेथून तुटतो. वापरलेल्या दोरात सांधा करणे नव्याहून फार अवघड असते. आवरण आकसलेले असते, गाभा सैल होत नाही, आणि अर्ध्यावर अडलेला सांधा ‘चालेल’ म्हणून सोडून देण्याचा मोह होतो. माझे मत स्पष्ट आहे: सांधे शिकावेत, पुष्कळ करावेत, टाकाऊ दोरांवर हात बसवावा, पण ज्यावर जीव टांगायचा तो सांधा उत्पादकाने किंवा त्याने मान्यता दिलेल्या कारागिराने, त्या विशिष्ट दोरासाठी लिहिलेल्या पद्धतीनेच केलेला असावा. स्वतःच्या हाताचा अभिमान असलेल्या काही जुन्या सहकाऱ्यांना हे आवडणार नाही. ओंडके उतरवण्याच्या दोरावर त्यांनी तो अभिमान खुशाल मिरवावा.

ओंडक्यांचा विषय निघालाच आहे, तर हेही सांगितले पाहिजे की ओंडके उतरवणारा दोर आणि माणसाचा दोर यांची अदलाबदल कधीही होता कामा नये. कापलेला ओंडका दोरात अडकण्यापूर्वी मीटर-दीड मीटर जरी पडला, तरी त्याला थांबवताना दोरावर त्याच्या वजनाच्या कितीतरी पट हिसका बसतो. असे हिसके खाल्लेला दोर बाहेरून जसाच्या तसा दिसतो, आणि दुपारी तोच दोर वर जायला वापरला जातो. दोन्हींचे रंग निराळे ठेवले, पिशव्या निराळ्या ठेवल्या, तर घाईतही ही चूक होत नाही.

फांदीवर येणाऱ्या भाराबद्दलही असाच गैरसमज आहे. दोर फांदीवरून टाकून दोन्ही बाजू चढणाऱ्याच्याच अंगावरच्या पट्ट्याला (हार्नेसला) आल्या असतील, तर फांदीवर त्याच्या वजनाएवढाच भार येतो. दोराचे एक टोक बुंध्याला बांधून तो दुसऱ्या बाजूने चढत असेल, तर दोन्ही बाजूंना त्याचे वजन येते आणि फांदीला जवळपास दुप्पट सोसावे लागते. पहिल्या पद्धतीत चाललेली फांदी दुसरीत चालेलच असे नाही. पहिल्या पद्धतीत दोर सालीवरून सतत घासतो; त्यामुळे झाडाची साल सोलली जाते आणि दोराचे आवरणही. दोन कड्यांचा पट्टा फांदीला घालून त्यातून दोर ओवला, तर दोघेही वाचतात. (जिवंत झाडाच्या छाटणीसाठी पायांना लोखंडी काटे बांधून चढणाऱ्यांना मात्र या काळजीचे सोयरसुतक नसते. प्रत्येक पावलाला सालीखालच्या जिवंत थरात एक भोक पडते. काटे तोडायच्या झाडापुरतेच ठेवावेत.)

धातूच्या साधनांबद्दल थोडक्यात लिहितो. कॅराबिनर, म्हणजे उघडमीट होणारा दरवाजा असलेली धातूची कडी, लांबीच्या दिशेने वीस-पंचवीस किलोन्यूटन सोसतो, पण तो आडवा फिरून भार दरवाजावर आला तर सात ते दहा किलोन्यूटनांतच त्याची मजल संपते. म्हणून तो आपोआप मिटणारा आणि आपोआप कुलूप लागणारा असावा, दरवाजा उघडण्यापूर्वी हाताच्या निदान दोन हेतुपुरस्सर हालचाली लागाव्यात, आणि दरवाजा चिकामुळे किंवा भुशामुळे अर्धवट मिटत असेल तर धुऊन तपासल्याखेरीज वापरू नये. दोराने घासून खाच पडली असेल तर ती बोटाने चाचपावी. खोली एक मिलिमीटरच्या पुढे गेली की तो बाद. हार्नेसच्या पुढच्या बाजूला जो छोटा दोरी-पूल असतो, ज्यावर कडी डावी-उजवीकडे सरकते, तो संपूर्ण पट्ट्यातील सर्वांत जास्त झिजणारा भाग आहे. तो बदलता येतो, आणि पट्टा नवा असला तरी तो बदलावा लागतो. चेनसॉ वर नेताना दोन स्वतंत्र आधार हवेतच. तिची साखळी सेकंदाला वीस मीटरच्या आसपास धावते आणि ताणलेल्या दोराला तिचा ओझरता स्पर्शही पुरतो. पोलादी तारेचा गाभा असलेली कमरेची दोरी हाताच्या करवतीपुढे टिकते. चेनसॉपुढे ती टिकेलच असे धरून चालू नये, आणि विजेच्या तारांजवळ तर ती घेऊच नये, कारण ती वीज वाहून नेते.

निगेचे नियम साधे आहेत आणि त्यांत गूढ काही नाही. दोर मातीत लोळवू नये. वाळूचे कण विणीत शिरले की प्रत्येक ताणाबरोबर आतून तंतू कापत राहतात. मळला तर थंड पाण्यात सौम्य साबणाने धुवावा, ब्लीच वापरू नये, जोरदार फवाऱ्याने घाण आत ढकलू नये, आणि सावलीत वाळवावा. तो पिशवीत ठेवावा, गाडीच्या डिकीत इंधनाच्या डब्याशेजारी नव्हे. यांतील सर्वांत महत्त्वाची सूचना बॅटरीबद्दलची आहे. तिच्यातील गंधकाम्लाचा शिंतोडा किंवा वाफ नायलॉनचे तंतू खाते आणि डोळ्यांना काहीही दिसत नाही. आम्लाच्या जवळ राहिलेला दोर केवळ संशयावरून बाद करावा.

तपासणी म्हणजे दोराकडे नजर टाकणे नव्हे. सबंध दोर उघड्या हातांतून सरकवत न्यावा, दर वीतभर अंतरावर त्याचा छोटा फासा करून पाहावा. निरोगी दोर एकसारखी गोल कमान घेतो. आतला गाभा तुटला असेल तर तेथे कमान मोडते, चपटी होते किंवा दोर अचानक बारीक वाटतो. कडक जागा, चकाकी, कापलेले पेड, रंग बदललेला भाग, सांध्याच्या गळ्याशी सैल झालेले टाके, हे सारे हाताला सापडते. हे काम रोज चढणाऱ्याने करावेच, पण ठरावीक मुदतीने दुसऱ्या कोणीतरी करावे, कारण ज्या दोरावर काल विश्वास टाकला त्यात आज दोष शोधायला मन सहसा तयार होत नाही. ब्रिटनमध्ये उचलणीच्या साधनांविषयी १९९८चे जे नियम आहेत, त्यांनुसार माणसांना उचलणाऱ्या साधनांची दर सहा महिन्यांनी जाणत्या व्यक्तीकडून सविस्तर तपासणी करावी लागते. ही मुदत वाजवी आहे आणि कायदा नसेल तेथेही ती पाळण्यास कोणाची ना नसावी. नोंदवहीत दोराचा क्रमांक, उत्पादनाचे वर्ष, पहिल्या वापराची तारीख, बसलेले हिसके आणि प्रत्येक तपासणीचा निकाल एवढे आले तरी पुरे. अनेक उत्पादक कापडी साधनांना उत्पादनापासून कमाल दहा वर्षे देतात. ती शेवटची हद्द आहे, तेवढी हमी मुळीच नव्हे. रोज कामावर जाणारा दोर तिच्या फार आधी संपतो.

यावर ठेकेदारांचा आक्षेप ठरलेला आहे: एवढे सगळे करायचे तर काम परवडत नाही. आक्षेप खोटा नाही. सर्वांत कमी दर मागणाऱ्यालाच काम मिळत असेल, तर दोर वेळेवर बदलणारा माणूस दर वेळी मागे पडणार आणि जुन्या दोरावर चालवून नेणारा पुढे जाणार. म्हणून जबाबदारी काम देणाऱ्याकडे जाते, मग ती सोसायटी असो, संस्था असो वा शासकीय कार्यालय. काम देताना दोरांची आणि हार्नेसची नोंदवही पाहण्याची अट घालावी. शिवाय, वर गेलेला माणूस जखमी किंवा बेशुद्ध झाला, तर त्याला खाली आणू शकणारा दुसरा चढणारा स्वतंत्र दोरासह जागेवर हजर आहे का, हे विचारावे. पट्ट्यात निश्चल लोंबकळत राहणे थोड्याच वेळात जिवावर बेतू शकते, आणि बाहेरची मदत येईपर्यंतची वाट त्याला परवडत नाही. वृत्तपत्रांनीही अपघाताची बातमी देताना दोर किती जुना होता आणि त्याची शेवटची तपासणी कोणी, कधी केली, एवढे विचारून छापले, तर नोंदवहीचा आग्रह धरणाऱ्यांचे काम निम्म्याने हलके होईल.

बाद ठरवलेल्या दोराची विल्हेवाट हाही अटीचाच भाग असावा. ‘सामान बांधायला होईल’ म्हणून कोपऱ्यात ठेवलेला लांब दोर कधी ना कधी घाईच्या दिवशी पुन्हा वर जातो, बहुधा नव्याने कामाला लागलेल्या, काही न विचारणाऱ्या मुलाच्या हातून. तो बाद केला त्याच दिवशी त्याचे हातभर लांबीचे तुकडे करावेत आणि तसे वहीत लिहून त्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात.

आपला विश्वासू,
झाडकामाच्या साधनांची तपासणी करणारा एक वाचक